मधली भिंत
गरिबी नेमकी कशाने हटते, हे शोधायला संशोधक बाईंनी चिठ्ठ्या टाकून वस्तीतल्या अर्ध्या घरांना शिलाई मशीन दिलं, उरलेल्यांना नाही. वर्षाने पाहिलं, तर दोन्हीकडची कमाई सारखीच वाढलेली! मग तुलना करायची कशाशी? काळजीत पडलेल्या बाई चौकशीला निघाल्या. पहिल्या गाठल्या शेजारीशेजारी राहणाऱ्या दोन जावा. थोरलीला मशीन मिळालं होतं, धाकटीला नव्हतं आणि दोघींमधून तर विस्तव जात नसे. आता मधली भिंतच पाडलेली आणि धाकटी मशीनवर फ्रॉक शिवत बसलेली. “भिंत कुणी पाडली?” “मीच,” थोरली म्हणाली. “मोठी ऑर्डर आली, एकटीला झेपेना, म्हणून हिला हाक मारली. मशीन इकडेतिकडे नेऊन कंबर मोडायची, त्यापेक्षा भिंत मोडली.” बाईंना हसू आवरेना. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. “सर, आपला प्रयोग फसला! सगळ्यांचंच भलं झालं!”