अकरा छपरं

होडीतून उतरल्या उतरल्या पंचनामेवाल्यानं सगळ्यांना दम भरला. विमानातून काढलेल्या फोटोत त्यानं प्रत्येक छपरावर नंबर टाकला होता, एक ते अकरा. ज्याचा नंबर येईल त्यानंच बोलायचं, मध्येच कोणी तोंड घालायचं नाही. मागच्या बेटावर सगळे एकदम बोलले आणि दोन घरं गाळली गेली. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला होता.

लोक बिचारे गुणी. हूं की चूं न करता त्याच्या मागून फिरले.

वादळानंतर समुद्रानं किनारा कसा झाडून पुसून ठेवला होता. दुपारपर्यंत दहा घरं झाली. कुठं कौलं उडालेली, कुठं भिंतीला तडा, बस्स. तंबू, पत्रे आणि पाणी मिळणार होतं ते फक्त घर भुईसपाट झालेल्यांना. प्रत्येक दारात नाही म्हणताना त्याचा जीव तुटत होता. पण नियमापुढं कोणाचं चालतंय?

अकराव्या घरात बायकापोरांची ही गर्दी. साहेब बघायला जमली असतील, असं त्याला वाटलं. एका म्हातारीनं त्याच्या हातात अर्धा पेला पाणी दिलं.

"आजी, घर धडधाकट आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "काही देता येणार नाही."

"हो, हे घर दणकट आहे," म्हातारी म्हणाली. "आता पुढचा नंबर कोणाचा?"

"संपले नंबर."

म्हातारीनं बाकीच्या बायकांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही.

त्यानं तिथूनच वायरलेसवर कळवून टाकलं: पडलेलं घर एकही नाही, मदतीची बोट पुढच्या बेटाकडे न्यावी.

परतताना त्याला राहून राहून वाईट वाटत होतं. घोटभर पाण्याला महाग झालेली माणसं, आणि आपण हात हलवत निघालो. दिवसभर होडी राखत बसलेल्या नावाड्यापाशी त्यानं मन मोकळं केलं. निदान एक तरी घर पडायला हवं होतं, असं बोलून गेला आणि लाजेनं जीभ चावली.

"नशीबवान बेट म्हणायचं," त्यानं सावरून घेतलं. "अकराच्या अकरा घरं उभी."

लांबवर मदतीची बोट दुसऱ्या बेटाकडे वळत होती. नावाड्यानं वल्हं थांबवलं.

"साहेब, फोटो वादळानंतरचा ना?" तो म्हणाला. "आधी तिथं साठ घरं होती."