उसनी थंडी

“शेवटची टाकी संपत आली, वहिनी,” शीतगृहाचा तंत्रज्ञ मुकादम म्हणाला.

काचेपलीकडे द्रौपदीचा नवरा गोठलेला होता, अजून तिशीतला. तिचे केस मात्र पिकले होते. जहाजांनी आणलेल्या द्रवरूप इंधनवायूचा पुन्हा वायू करताना जी थंडी सुटायची, तिच्यावरच आजारावर औषध निघण्याची वाट पाहणारे त्याच्यासारखे गोठवलेले रुग्ण टिकून होते. आता देश उन्हाच्या विजेवर आला आणि वायूची जहाजं थांबली.

“दार उघडल्यावर ते उठतील?”

“नाही.”

तिने मान हलवली. “त्यांचे कपडे आणते. ढगळ होतील का?”

“नाही. अंग आहे तसंच आहे.”

ती घरी निघाली. धूर संपला म्हणून नाक्यावर पेढे वाटत होते. तिने एक घेतला आणि खाऊन टाकला.