घडीच्या पोटात

ड्रायर भिंतीपासून ओढून मेकॅनिकने मागच्या पाइपात कोपरापर्यंत हात घातला आणि कपड्यांच्या करड्या लवेचा लांबलचक पुंजका बाहेर काढला.

"आजी, यात एक अख्खं मांजर होईल."

दाराशी उभी असलेली आई हसली नाही. पलीकडच्या खोलीत मालिशचं टेबल पुसून तिची मुलगी नुकतीच येऊन उभी राहिली होती. एका फेरीला दोन-दोन तास लागतात म्हणून तिनेच मेकॅनिकला बोलावलं होतं.

"जाळी तर रोज साफ होते," मुलगी म्हणाली. "मालिशला मला दिवसाला वीस टॉवेल लागतात. धुणं, वाळवणं, सगळं आईच बघते."

"जाळी चकाचक आहे. पण थोडी लव पाइपात जाऊन बसतेच. वर्षातून एकदा तो आतून झाडायला हवा." त्याने टोपलीतला एक टॉवेल उचलून नाकाशी नेला. "हा धुतलेला आहे?"

"म्हणजे काय!" आई फणकारली. "आज सकाळीच धुतलाय."

"तेलाचा वास गेलेला नाही. वाळल्यावर काय करता यांचं?"

हे विचारलं की आई खुलायची; आत्ताही तिने सगळं सांगितलं. मशीन शेवटची दहा मिनिटं नुसती थंड हवा सोडतं. टॉवेलांची ऊब ती अशी कधीच फुकट जाऊ देत नसे. त्याआधीच दार उघडून गरम टॉवेल काढायचे, चौघडी करायची, थप्पी दाबून बसवायची आणि वरून ब्लँकेट गुंडाळायचं. तासाभराने टॉवेल मालिशच्या टेबलावर जाई तेव्हाही उबदार असे.

"पाठीवर असा टॉवेल पडला की माणूस निम्मा बरा होतो," ती म्हणाली.

मेकॅनिक हात पुसायचा थांबला. "मधले टॉवेल कधी तपकिरी पडलेत? करपल्यासारखे?"

"छे," मुलगी म्हणाली.

आईने नजर टोपलीकडे वळवली.

"मग नशीब म्हणायचं. कापडात राहिलेलं तेल हवा लागून आपोआप तापतं. टॉवेल सुटा असला तर ऊब निघून जाते. गरम गरम थप्पी करून झाकलात की तिला बाहेर पडायला वाटच नाही, आत वाढत राहते. मी एका घरी गेलो होतो, तिथे कपाट पेटलं होतं. ड्रायर बंद करून दोन तास झाले होते."

पलीकडच्या खोलीत दिवसभर माणसं डोळे मिटून पालथी पडलेली असत.

ती आपल्या खोलीत गेली आणि पलंगाखालची बॅग ओढली. गेले दोन महिने रोज सकाळी ती वार, तारीख आणि शेजारच्या दोन्ही मुलींची नावं स्वतःलाच विचारत होती. उत्तरं बरोबर यायची. तरी बॅगेतले टॉवेल वाढत होते.

तिने ते आणून ड्रायरवर ठेवले. "सात आहेत."

"आई, हे काय?"

"मला वाटलं, मीच इस्त्री फिरवली आणि विसरले." तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "आठवत तर काहीच नव्हतं. डाग मात्र दिसायचे. तुला सांगितलं असतं तर तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस. मग मला कशालाच हात लावू दिला नसतास."

मेकॅनिकने वरचा टॉवेल घेतला आणि एकेक घडी उलगडत गेला. बाहेरून पांढरा. आत पिवळट, मग तपकिरी. अगदी मधलं कापड बोटाखाली चुरलं.

"इस्त्रीचा डाग वरून पडतो, आजी. हा घडीच्या पोटात आहे. इस्त्री आत कशी शिरेल?" मग एकदम त्याने मान वर केली. "आजची थप्पी कुठाय?"

थप्पी मालिशच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या खणात होती. मेकॅनिकने ब्लँकेट फेकून टॉवेलांच्या मधोमध हात घातला आणि झटकन मागे घेतला. तिघांनी मिळून टॉवेल बाल्कनीत नेले आणि फरशीवर एकेक सुटा पसरला. मधल्या चारांमधून वाफ निघाल्यासारखी धग येत होती.

"तेलाचे टॉवेल आता ड्रायरमध्ये नकोतच," तो म्हणाला. "साबण जास्त घाला, गरम पाण्यात दोनदा धुवा आणि दोरीवर टाका. बाकीच्या कपड्यांना ती शेवटची दहा मिनिटं पूर्ण होऊ द्यायची. मधे उघडायचं नाही."

आई मान डोलवत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ते आतूनच झालं ना? नक्की?"

"नक्की. आतूनच."

मुलगी कठड्याला टेकून खाली बसली. "आई, अगं सगळं जळून गेलं असतं! सकाळी एका पोटुशी बाईला मी याच टेबलावर झोपवलं होतं. दोन महिने! एका शब्दाने तरी बोलायचंस!"

"चुकलंच माझं," आई म्हणाली. "फार मोठी चूक झाली." आणि ते म्हणता म्हणताच तिचा चेहरा उजळत गेला, तिने पदर तोंडाशी नेला, पण हसू काही आवरेना.

"हसतेस काय? घर वाचलं थोडक्यात, आणि तू हसतेस?"

पसरलेल्या टॉवेलांच्या मधे आई तशीच उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अगं, इस्त्री मी केलीच नव्हती."