शुक्रवारचा उजेड

“चष्म्याचा नंबर वाढला बहुतेक,” मास्तर हातातल्या पुस्तकाला म्हणाले.

दारातून “बरं” असं उत्तर आलं. बटणाचा खटका वाजला आणि सिनेगॉगमधले दिवे एकदम लागले. त्यांच्या निळ्या-पिवळ्या काचांमधून उजेड खाली उतरला आणि रिकाम्या बाकांवर जाऊन बसला. समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या बाई नेहमीच्या शेवटच्या बाकावर टेकल्या. पिशवीतून त्यांनी काजं करायचा शर्ट काढला.

गेली सात वर्षं दर शुक्रवारी हे असंच चाललं होतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, लागतो, आणि शब्बाथ लागला की मास्तर बटणाला हात लावत नसत. दुसऱ्याला ‘लाव’ म्हणून सांगणंही नियमात बसत नव्हतं. पण ज्यू नसलेल्या कुणी स्वतःच्या कामासाठी दिवा लावला, तर त्याच्या उजेडात आपण दोन ओळी वाचायला हरकत नव्हती. म्हणून बाई काम घेऊन यायच्या आणि मास्तर नुसतं सुचवायचे. कधी आभाळ भरून आलेलं असे, कधी छपाई बारीक असे. एकदा काहीच सुचेना, तेव्हा त्यांनी सरळ खांबाला धडक दिली होती.

एके काळी या बाकांवर तीस-पस्तीस घरं दाटीवाटीने बसत. मास्तरांनी त्यांच्या पोरांना प्रार्थना शिकवल्या, चुकलं की कान उपटले. मग एकेक घर निघून गेलं. अडीचशे वर्षांची वास्तू, तिची वीतभर लांब किल्ली आणि मास्तर, एवढे मागे राहिले. आता पाहुणे येत, मान वर करून छत बघत, हळू आवाजात बोलत आणि जात. एकटं वाचताना मास्तरांना कधी कधी वाटे, वरच्या सज्जात बायकांची कुजबुज चाललीय, पुढच्या बाकावर कुणीतरी पान उलटतंय. त्यांना भीती वाटत नसे. उलट बरं वाटे.

आजची पाहुणी एक तरुण डॉक्टरीण होती; बाईंनी बटण दाबलं तेव्हा ती दारातच उभी होती. तिचे आजोबा तिसऱ्या बाकावर बसायचे. बाकाच्या पाठीवरचं घराण्याचं पितळी नाव तिने बोटांनी चाचपून पाहिलं आणि डोळे पुसले. मग दिव्यांकडे बघत ती खणखणीत आवाजात म्हणाली, “मास्तर, पण आमच्या घरी सूर्य मावळायच्या आतच दिवे लावून ठेवतात. मग ते जळत राहिले तरी चालतं. आजोबा म्हणायचे, बाबांना हे तुम्हीच शिकवलंत!”

मागे बाईंची सुई थांबली की काय, हे वळून बघायचा मास्तरांना धीर झाला नाही. “हं,” एवढंच म्हणून त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा ओळ चुकले.

पोरगी बोलली ते अक्षरन् अक्षर खरं होतं. बायको गेली त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मास्तर दिवे लावायचं विसरले होते. अंधारात तसेच बसून राहिले होते. तेव्हा या बाई रस्ता ओलांडून आल्या आणि दारातूनच विचारलं, “मास्तर, बरं आहे ना?” मास्तरांनी त्यांना अर्धा नियम सांगितला आणि उरलेला अर्धा गिळून टाकला. पुढच्या शुक्रवारी मात्र त्यांना चांगलं आठवत होतं. ऊन असताना ते बटणापर्यंत गेले, हात खिशात घातले आणि परत फिरले. सांगू पुढच्या वेळी, असं म्हणता म्हणता सात वर्षं गेली. देवाच्या घरात बसून आपण एका भल्या बाईला फसवतोय, याची त्यांना फार लाज वाटे. पण तो खटका वाजला की जीव भांड्यात पडे.

गेल्या शुक्रवारी बाई म्हणाल्या होत्या, “मुलगी बोलावतेय, कायमचं. नातू झालाय. पण तुमच्या दिव्यांचं कोण बघणार? म्हणून अडलंय माझं.” त्या दिवसापासून मास्तरांना घास गोड लागत नव्हता.

प्रार्थना संपली. डॉक्टरीण पुन्हा एकदा बाकावरून हात फिरवून निघून गेली. मास्तर पुस्तक मिटून शेवटच्या बाकापाशी आले.

“बाई, ती म्हणाली ते खरं आहे. दिवे मला आधी लावून ठेवता येतात. पहिल्यापासून येत होते. तुम्ही खुशाल मुलीकडे जा.”

बाईंनी एक टाका घातला. “आणि तुम्ही?”

“मी काय, बसेन इथेच. उजेड असेलच की.” मास्तरांनी पुस्तक बाकावर ठेवलं. “माझं चुकलं. फार चुकलं.”

“मुलीला मी सोमवारीच कळवलंय,” बाई म्हणाल्या. “महिनाभर येते, नातवाला मांडीवर घेऊन हौस फिटली की परत निघते. माझं घर इथे आहे.”

“अहो, पण दिव्यांसाठी कशाला...”

“दिव्यांचं मला माहीत होतं.”

मास्तर बाकावर बसले. “मग गेल्या शुक्रवारी अडलंय म्हणालात ते?”

“म्हटलं, हा माणूस कधी तोंड उघडून ‘राहा’ म्हणतो का ते बघावं. तुम्ही तर निघालात ‘जा’ म्हणायला.”

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. “पण माहीत होतं म्हणजे केव्हापासून?”

बाईंनी दोरा दाताने तोडला आणि शर्ट झटकला.

“मास्तर, माझी खिडकी या दारासमोरच आहे. वहिनी होत्या तोवर दर शुक्रवारी ऊन असतानाच दिवे लावायच्या, आणि लावून झाले की मला हात करायच्या.”