नऊची मालिका

"जागी राहा गं भिंती, मी एकटी घरात..." भाकऱ्या थापता थापता आई गुणगुणायची. शाळेतून आलेल्या ऊर्मिलाला ते दारातूनच ऐकू यायचं. तिला वाटायचं, नुसतं गाणं आहे.

फ्रँकफर्टच्या ऑफिसात हेडफोन लावून बसलेल्या ऊर्मिलाला ती ओळ आज उगाच आठवली. सर्वेक्षणासाठी अमेरिकेतल्या घराघरांत फोन लावायचा आणि विचारायचं, टीव्ही किती बघता, पेपर वाचता का, शेजाऱ्यांवर विश्वास आहे का. दुपारपासून तेच. जीभ जड झाली होती. त्यात उद्या नवऱ्याला, हृषिकेशला, त्याच्या साहेबाला उत्तर द्यायचं होतं. इथला मुक्काम तीन वर्षं वाढवायचा, की साताऱ्याला आईजवळ परत जायचं? बाबा गेल्यापासून तोच एक घोर.

"अगं, आई एकट्या कुठे आहेत? कुसुममावशी आहेत की सोबतीला," हृषिकेश सकाळी बूट घालता घालता म्हणाला होता. "आल्झो," त्याने जर्मन शब्द पेरला, "तर मग मी हो म्हणतो."

चहाच्या सुट्टीआधीचा फोन ओहायोतल्या हेझलबाईंनी उचलला. पिकलेला, मऊ आवाज.

"दिवसाकाठी टीव्ही किती तास बघता?"

"चालू दिवसभर असतो. बघत नाही मी."

"मग?"

"घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं, बाळा. मुलाचा फोन आला की त्याला वाटतं, मैत्रिणी जमल्यात. मी वाटू देते."

स्क्रीनवरच्या पर्यायांत हे उत्तर नव्हतं. ऊर्मिलाने 'दिवसभर'वर टिचकी मारली आणि हेडफोन काढून ठेवला. मग कोट न घालताच ती खाली रस्त्यावर आली. ट्राम खडखडत गेली. तिने साताऱ्याला फोन लावला.

"जेवलीस का गं? आवाज का असा बसलाय?" आई म्हणाली. तिच्या मागे नेहमीसारखा बायकांचा कलकलाट. कुणीतरी खळखळून हसलं.

"कोण कोण आहे गं घरी?"

"कोण असणार! तुझी मावशी, नि वरच्या मजल्यावरची वसुधा. बसल्यात चकाट्या पिटत. ऐकू येतंय ना तुला?"

येत होतं. दर रविवारी येत होतं, आणि त्याच आवाजावर ऊर्मिला आठवडाभर निर्धास्त झोपत होती. एवढ्यात ते हसणं मध्येच तुटलं आणि साबणाच्या जाहिरातीचं गाणं लागलं.

"आई, टीव्ही जरा बंद कर."

"अगं, नऊची मालिका चाललीय. त्या दोघी ओरडतील माझ्यावर!"

"कर ना. माझ्यासाठी."

खट्ट. मावशी नाही, वसुधा नाही, हसणं नाही. फक्त आईचा श्वास.

"मावशीला दे फोन."

पुढची ट्राम येऊन थांबली, दारं उघडली, मिटली.

"कुसुम दिवाळीतच गेली गं मुलाकडे," आई अखेर म्हणाली. "तुमचं तिथे बस्तान बसतंय, म्हणून बोलले नाही. आणि पूर्वीसारखं भिंतीला जागवायचं गाणं म्हणावं, तर आता गळा साथ देत नाही."