भिंतीला पाणी

"हा बघा, पळाला परत," शलाका म्हणाली.

पडद्यावर सिमेंटचं एक सूक्ष्म छिद्र होतं आणि त्यातून मिठाचा हिरवा कण सुसाट निघाला होता. खऱ्या सिमेंटात तो छिद्राच्या भिंतीला चिकटतो. शलाकाने संगणकात उभ्या केलेल्या प्रतिकृतीत तो थांबतच नव्हता. आज थांबला नाही, तर तिला पीएचडीचा विषय बदलावा लागणार होता.

तिच्या मार्गदर्शक पेंडुरकरबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "वेंगुर्ल्यात आमच्या घराचे खांब याच मेल्याने खाल्ले. तुझ्या भिंतीला पाणी तरी मारलंस का गं?"

शलाका हसली. हसता हसता तिने भिंतीच्या नोंदी उघडून पाहिल्या.

"बाई, भिंत कोरडीच राहिली."

तिने भिंतीत पाण्याचे रेणू मुरवले, मग मीठ सोडलं. संध्याकाळी दोघी पुन्हा पडद्यासमोर बसल्या.

निघाला.

वळला.

भिंतीशी घुटमळला.

बसला.

"हलायचं नाही हं," बाईंनी पडद्याला दम दिला. तो हलला नाही. मागून दुसराही येऊन त्याच्या शेजारी टेकला.

"मग माझा विषय?" शलाकाने हळूच विचारलं.

"कसला बदलतेस? लॅबमधल्या सगळ्यांना बोलाव, चहा सांग. आणि मेल्याला एखादं चांगलं नाव ठेव. आता घरचाच झालाय तो."