जरा विचारायचं होतं

घड्याळजींच्या बायकोनं बिस्किटांचा जुना डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण उघडलं. आत मलमाच्या चार नळ्या होत्या, सीलही न फोडलेल्या. शेजारी ओल्या फडक्यात मेणासारख्या, शौचाच्या जागी आत सरकवायच्या औषधी कांड्या. उन्हानं वितळू नयेत म्हणून तिनं तशा गुंडाळून आणल्या होत्या.

"माठामागे दडवलेलं सापडलं सगळं," ती म्हणाली. "कुणा गरजूला द्या, भाऊ. आमच्या घरात आता लागायचं नाही."

औषधवाल्यानं डब्यावरून नजर उचलून रस्त्यापलीकडे पाहिलं. समोरचं घड्याळाचं दुकान महिनाभर बंद होतं. त्याला वाटलं होतं, लेकीकडे गेले असतील.

मूळव्याध हा शब्द त्याच्या दुकानात कुणाला उच्चारावा लागत नसे. गिऱ्हाईक पायरीवर घुटमळलं, खोकल्याची गोळी मागून उगाच इकडेतिकडे बघू लागलं, की तो ओळखायचा. नाव छापलेलं खोकं आतच फाडून टाकायचा, सोबतच्या चिठ्ठीसकट. नळी वर्तमानपत्रात गुंडाळून हातात द्यायचा. बघणाऱ्याला वाटावं, दंतमंजन नेतोय. देवापुढेही गाऱ्हाणं बोलून दाखवावं लागतं, इथे तेवढंही नाही, असं गल्लीत म्हणत. ते कानावर आलं की त्याला बरं वाटे. झाकली मूठ झाकलेलीच ठेवावी, यातही पुण्य आहे, असं तो मनापासून मानत आला होता.

घड्याळजी पहिल्यांदा आले त्याला चौदा महिने झाले. दिवसभर स्टुलावर बसून डोळ्याला भिंग लावणारा माणूस. त्यांच्या अवघडल्या चालीवरूनच औषधवाल्यानं ताडलं.

"जरा विचारायचं होतं," ते म्हणाले.

मागे दोन बायका उभ्या होत्या. औषधवाल्यानं पुडी पुढे सरकवली. "कळलं. काही बोलू नका."

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला.

मग दर महिन्याला तेच. मलमाच्या जोडीला कांड्या आल्या, एका नळीच्या दोन झाल्या. मधूनच ते पुन्हा म्हणत, जरा विचारायचं होतं. पण पुढचा शब्द फुटायच्या आत पुडी तयार असे. जगाची घड्याळं वेळेवर आणणाऱ्या त्या माणसाच्या मनगटावर स्वतःचं घड्याळ ढिलं होत गेलं. पट्ट्याला त्यांनी टोच्यानं एक नवं भोक पाडलं. दोन महिन्यांनी दुसरं. मग तिसरं. पुडी देताना ती भोकं औषधवाल्याला दिसत. एकदा अगदी ओठांवर आलंही होतं. पण दुकानात गर्दी होती, आणि चारचौघांत भल्या माणसाला कशाला लाजवायचं.

फाडून टाकलेल्या चिठ्ठीतला मजकूर त्याला तोंडपाठ होता. आठवडाभरात रक्त थांबलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

"काय झालं होतं त्यांना?" त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत त्या काउंटरवरून त्यानं विचारलेला असा हा पहिलाच प्रश्न.

"आतड्याचा कॅन्सर. मूळव्याध नव्हतीच."

तिच्या आवाजात राग नव्हता. उलट ती आभार मानायला आली होती. घड्याळजी शेवटपर्यंत त्याचं नाव काढत होते, म्हणाली. माणूस असावा तर असा, दुसऱ्याची लाज राखणारा. बायकोलाही त्यांनी काही कळू दिलं नव्हतं. तिला कळलं ते थेट दवाखान्यात, डॉक्टर त्यांच्यावर चिडले तेव्हा. वर्षभर रक्त जातंय आणि एकाही माणसाला सांगवलं नाही तुम्हाला, असं डॉक्टर विचारत होते.

तिनं डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्याच्याकडे सरकवला.

"तर हे हसले, भाऊ. म्हणाले, आमच्या औषधवाल्यांना सगळं ठाऊक आहे. तसं काही असतं, तर ते बोलले असते."